अण्णांचं पिवळं जाकीट

बंगळूरला आठ दिवस राहून आले, पण बाग पाहिली नाही की राजवाडा पाहिला नाही. सातारला सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या मैत्रिणी विचारतात, मग केलंस तरी काय? मी सांगते, लाइफ जॅकेटची निगा कशी राखायची ते शिकले. त्या हसतात आणि पुढे चालू लागतात. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईने असं काही सांगितलं की लोकांना ती चेष्टाच वाटते. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहून काढावं.

माझी मोठी बहीण सुमन बेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बंगळूरला गेली. सासर मराठीच, पण साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं. आमची ताई तिथे गेली आणि सगळ्यांची अक्का झाली, आता मीही तिला अक्काच म्हणते. तिच्या यजमानांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. अण्णा एकाहत्तर वर्षांचे. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. लोक निवृत्तीनंतर गीता वाचतात, यांनी वाऱ्याचा अभ्यास सुरू केला.

या उन्हाळ्यात अण्णा होडीतून पाण्यात पडले. वारा अचानक फिरला, शिडाखालचा आडवा दांडा डोक्याला लागला आणि ते थेट पाण्यात. अंगात लाइफ जॅकेट होतं, ते आपोआप फुगलं आणि त्याने त्यांना पाठीवर तरंगत ठेवलं. एका मासेमाराने टोपलीसारख्या गोल होडीतून येऊन त्यांना काठाला आणलं. चार टाके पडले. घरी आल्यावर अक्का दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, होडी विका.

अण्णांनी दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली. इंदिरानगरचे एक गृहस्थ होडी घ्यायला तयारच होते, दसऱ्यानंतरच्या रविवारी येणार होते. गणपती उठल्यावर अक्काचा मला फोन आला. ‘वसू, तू ये. तुला पोहता येतं. एकदा त्यांच्याबरोबर पाण्यावर जा आणि मला खरं सांग, यांच्या हातात होडी ठेवायची की नाही. तू म्हणशील ते आम्हा दोघांनाही मान्य आहे.’

अशी मी न्यायाधीश होऊन निघाले, सोबत कंदी पेढ्यांचा डबा घेऊन.

यशवंतपूर

गाडी यशवंतपूरला पोचली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. स्टेशनबाहेर फूटपाथभर कोहळ्यांचे ढीग आणि त्यांच्याशेजारी केळीच्या खुंटांचे भारे होते. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं आणि अवजारं पुजतात, त्यात नारळ फोडला की झालं. इथे ती आयुधपूजा, आणि सगळं शहर त्यात उतरतं. रिक्षा, बस, शिलाईचं मशीन, दुकानातला तराजू, दवाखान्यातलं रक्तदाब मोजायचं यंत्र, कशालाच सुट्टी नाही. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरायचं आणि गाडीसमोर आपटायचा. मग दोन दिवस रस्त्यावर त्याच्या लाल फोडी पडलेल्या असतात आणि दुचाकीवाले त्यावरून घसरतात.

माझ्या रिक्षावाल्याने गल्ली चुकवली. मी हिंदीत डावीकडे म्हटलं, तो ‘स्वल्प मुंदे’ म्हणत पुढेच जात राहिला. स्वल्प म्हणजे थोडं, हे तोवर मला कळलं होतं. पण ते थोडं किती, हे बंगळूरच्या रिक्षात बसल्याशिवाय कळत नाही. शेवटी एका फुलवालीने त्याला वळवलं आणि मी घरी पोचले.

बसवनगुडी

अक्काने दारातच माझ्या हातात कॉफी दिली. तिच्या स्वयंपाकात आता दोन्ही घरं नांदतात. कोशिंबिरीऐवजी भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोसंबरी असते, पण तिच्यावर फोडणी सातारची. आमटीला ती सारू म्हणते आणि त्यात गूळ मात्र आईच्या हातासारखाच घालते. मी आंघोळ करून आले तर म्हणाली, ‘आधी खाऊन सोड, मग बोल.’ खाऊन सोड म्हणजे खाऊन टाक. बेचाळीस वर्षांत मराठी एवढीच हलली, याचं मला कौतुक वाटलं.

दुपारी अण्णांनी माझी शाळा घेतली. कॉटवर चादर अंथरली आणि दोन पिवळी जाकिटं मांडली. दीड वर्षापूर्वी कॅनडातल्या मुलाने ती मागवून घरपोच पाठवली होती. मला वाटायचं लाइफ जॅकेट म्हणजे ते जाडजूड, थर्माकोलसारखं भरलेलं, सहलीच्या बोटीत घालायला देतात ते. हे गळ्यात उपरणं टाकल्यासारखं सपाट आणि हलकं होतं. आत घडी घातलेली पिशवी, आणि तिला जोडलेलं बोटभर लांबीचं पोलादी सिलिंडर. सिलिंडरमध्ये दाबून भरलेला वायू. सिलिंडर ज्यात फिरवून बसवतात त्या खटक्यात एक छोटी गोळी असते. माणूस पाण्यात पडला की गोळी विरघळते, स्प्रिंग सुटते, सुई सिलिंडरचं टोक फोडते आणि पाच सेकंदांत पिशवी फुगते. गोळीने काम केलं नाही तर ओढायला बाहेर दोरी असतेच.

‘आता घाल,’ अण्णा म्हणाले. मी घातलं आणि ऐटीत उभी राहिले. त्यांनी खांद्याजवळ धरून वर ओढलं तर ते सरळ माझ्या कानांवर आलं. मांड्यांमधून येणारा पट्टा मी लोंबत ठेवला होता. पाण्यात पडल्यावर जाकीट वर निघून जातं आणि माणूस खाली, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पट्टे इतके आवळायचे की खाली जेमतेम मूठ जाईल. आणि रेनकोट घालायचा तर जाकिटाच्या आत, वरून कधीच नाही, नाहीतर फुगलेली पिशवी छातीच आवळेल.

मग निगा. वर्षातून दोनदा पंपाने फुगवून एक दिवस तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तितकंच टणक राहिलं तर पिशवी चांगली. वाळवायचं सावलीत. गोळीची मुदत संपली की ती बदलायची, दमट कपाटात ठेवलं तर ती आपोआपही विरघळते. आणि दर वेळी पाण्यावर जाण्याआधी सिलिंडर काढून त्याचं वजन करायचं. किती भरायला हवं ते त्याच्यावरच कोरलेलं असतं. वजन कमी भरलं तर आत वायू नाही. खटक्याची हिरवी खूण फक्त खटका बसलाय एवढं सांगते, सिलिंडर भरलेलं आहे की रिकामं ते तिला माहीत नसतं. हे अण्णांनी मला दोनदा सांगितलं आणि अक्काच्या स्वयंपाकघरातला काटा आणून वजन करूनही दाखवलं.

मी मनात त्यांना दहापैकी दहा दिले. इतक्या शिस्तीच्या माणसाची होडी विकायची तरी का, असं मला वाटू लागलं. अक्का दारातून पाहत होती. ती म्हणाली, ‘शिकवताना ते नेहमीच हुशार असतात.’

खंडेनवमी

गेल्या वर्षीची गोष्ट मला इथे कळली. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुवायची रीत आहे. अक्काने पान्हे, विळी, कात्र्या धुतल्या, आणि नवीन म्हणून एक जाकीटही मायेने साबणाच्या बादलीत बुडवलं. पाच सेकंदांत ते फट् आवाज करून बादलीबाहेर आलं आणि अक्का न्हाणीघरातून बाहेर. तेव्हापासून घरात एक नियम झाला. पूजेआधी अण्णा दोन्ही जाकिटांतली सिलिंडरं आणि गोळ्या काढून घेतात. जाकिटं अक्का पुसून पूजेला मांडते आणि सिलिंडरं थाळीत ठेवते. तिचं म्हणणं असं की आयुध म्हणजे ती बाटली, जाकीट हे नुसतं म्यान.

पूजा थाटात झाली. पाटावर अण्णांच्या कारखान्याच्या दिवसांतली मोजमापाची अवजारं, अक्काची विळी, शिडाच्या दोरीचं वेटोळं, नातीने विसरलेली सायकलची घंटी. समोरच्या थाळीत हळदकुंकवाने माखलेली सिलिंडरं, त्यावर झेंडूचा ढीग. अक्काने प्रत्येक वस्तूला हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या. पुजलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून त्या दिवशी भाजीही न चिरता करायची होती. आम्ही चुरमुरे, पंढरपुरी डाळ आणि खोबरं एकत्र करून खाल्लं. इथे त्याचाच प्रसाद गल्लीभर वाटतात.

संध्याकाळी अण्णा गच्चीवर वाऱ्याचा अंदाज घेत बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, वसू, उद्या तू जे पाहशील तेच सांग, माझी बाजू घेऊ नकोस. एवढंच बोलून ते पुन्हा झाडांचे शेंडे पाहू लागले. मला त्यांची फार माया आली आणि न्यायाधीश म्हणून आल्याची लाजही वाटली.

दसरा, पाण्याकाठी

होडी असते मागडीच्या बाजूला, एका जलाशयावर. घरून दीड तास. ओळखीचा टॅक्सीवाला मंजुनाथ गाडीच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधून आला. त्यामुळे त्याला बाजूचे आरसे दिसत नव्हते, पण देवाच्या कृपेने निभावेल असं त्याचं मत होतं. पहिल्यांदाच अक्काही आमच्याबरोबर यायला निघाली. तिला माझा निकाल जागेवरच ऐकायचा होता.

निघताना व्हायची ती घाई झालीच. डबे भरायचे होते, ओबट्टू म्हणजे पुरणपोळ्या चाळणीतून काढायच्या होत्या, काट्यावर पिठाची परात ठेवलेली होती. अण्णांनी झेंडूखाली हात घालून थाळीतली दोन सिलिंडरं उचलली. अक्का स्वयंपाकघरातूनच म्हणाली, आज कुंकू पुसू नका. अण्णांनी त्याच कुंकवानिशी ती जाकिटांत बसवली, नव्या गोळ्या घातल्या, हिरव्या खुणा पाहिल्या आणि आम्ही निघालो.

जलाशय पाहून मी खूश झाले. तिन्ही बाजूंना मोठमोठे काळे खडक, एवढे गुळगुळीत की पाहताच ग्रॅनाइटचा धडा आठवला. वारा बेताचा. पाणकावळे पंख पसरून खडकावर वाळत बसले होते. अक्काने चिंचेच्या झाडाखाली सतरंजी टाकली. आम्ही जाकिटं घातली, अण्णा शीड लावायला वाकले, आणि मला आठवलं की वजन राहिलं.

काटा तर घरी. पण टोक बघता येईल असं म्हणून मी माझं सिलिंडर फिरवून काढलं. कुंकू पुसलं तर टोकाची चकती अखंड आणि चकचकीत होती. मग मी अण्णांचं मागितलं. त्यांनी हसत काढून दिलं. टोकावर हळदकुंकू आणि अक्षतांचा घट्ट गोळा बसला होता. मी ओढणीच्या टोकाने तो खरवडला तेव्हा खाली बारीक भोक दिसलं. भोकातही कुंकूच होतं.

ते सिलिंडर कधीच फुटून गेलेलं होतं. एकाहत्तर वर्षांचा माणूस हिरवी खूण दाखवणारं रिकामं जाकीट घालून पाण्यावर निघाला होता. एक क्षण वाटलं, गप्प बसावं, वारा जास्त आहे म्हणावं आणि घरी जावं. पण अक्काने मला खरं सांगायलाच बोलावलं होतं. मी सतरंजीपाशी गेले आणि सिलिंडर तिच्या तळहातावर ठेवलं.

अक्काने ते पाहिलं मात्र, तिचा चेहरा उतरला. ‘हे उन्हाळ्यातलं,’ ती अण्णांकडे पाहत हळूच म्हणाली. ‘तुम्ही टाकून दिलेलं, मी उचलून ठेवलं होतं. थाळीत मीच ठेवलं.’

‘रिकामं कशाला ठेवलंस अक्का?’ मी विचारलं.

‘यानं ह्यांना पाण्यावर धरून ठेवलं. मग पूजा कुणाची करायची, ज्यांनी अजून काहीच केलं नाही त्यांची?’

भरलेलं तिसरं सिलिंडर घरी, झेंडूखाली राहिलं होतं. मी अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं आता ते सुटल्यासारखं बोलतील, कारण दोष सरळ सरळ बायकोच्या पूजेवर गेला होता. पण ते आमच्याजवळ येऊन खाली बसले.

‘पूजेत काही चुकलं नाही,’ ते म्हणाले. ‘वजन न करता मी बसवलं. वसूला दोनदा शिकवलं आणि स्वतः केलं नाही. सुमन, इंदिरानगरच्या गृहस्थांना सांग, रविवारी येऊन होडी घेऊन जा.’

निकाल द्यायची माझ्यावर वेळच आली नव्हती, आरोपीने स्वतःच शिक्षा लिहून दिली होती. खरं म्हणजे मी सुटले होते, पण मला रडू येत होतं. अण्णा जाकिटाचे पट्टे सोडू लागले आणि पाण्याकडे बघेनात.

अक्काने त्यांचा हात धरला. ‘बाटलीशिवाय हे फुगतच नाही का?’

‘फुगतं. आत नळी आहे, तोंडाने फुंकायची. पण श्वासातला ओलावा आत राहतो, म्हणून मी पंप वापरतो.’

‘नळी कुठं आहे?’

अण्णांनी घडी उलगडून नळी दाखवली. अक्काने त्यांना समोर उभं केलं, मघाशी सोडलेले पट्टे आवळले, खाली मूठ घालून पाहिली आणि मांड्यांमधला पट्टाही ओढून पाहिला. माझी सगळी शाळा तिने दारातून ऐकलेली होती. मग ती त्यांच्या छातीशी वाकली, नळी तोंडात धरली आणि फुंकू लागली.

अक्का सहासष्ट वर्षांची आहे. दोन जिने चढली तरी तिला धाप लागते. पाच-सहा फुंका मारायची, थांबायची, पुन्हा फुंकायची. मी म्हटलं मी फुंकते, तर तिने हातानेच मला बाजूला सारलं. पिशवी हळूहळू अण्णांच्या गळ्याभोवती उभी राहत गेली. अण्णा हलत नव्हते, खाली वाकलेल्या तिच्या केसांकडे पाहत उभे होते. शेवटी तिने बोटाने दाबून पाहिलं, टणक लागलं तेव्हा नळीला टोपण लावलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

‘जा आता,’ ती म्हणाली. ‘एक फेरी. मी इथं बसते.’

‘सरी,’ अण्णा म्हणाले. सरी म्हणजे बरं.

त्या फेरीचं काय सांगू. शीड भरलं आणि होडी इतक्या अलगद निघाली की काठच मागे सरकतोय असं वाटलं. अण्णांना मान वळवता येत नव्हती, म्हणून काठाकडे पाहायचं झालं की ते सगळेच्या सगळे वळत. ते मला वारा गालावर कसा ओळखायचा ते शिकवत होते. दांडा फिरवण्याआधी मोठ्याने सांगत आणि मी वाकल्याशिवाय फिरवत नसत. एकदाही घाई केली नाही, एकदाही मोठेपणा दाखवला नाही. त्या पाण्यावर मला इतकं निर्धास्त वाटलं की कृष्णेतही कधी वाटलं नव्हतं. पण सकाळचं ते भोकही मला दिसत होतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही सांगावं लागणार होतं. चिंचेखाली अक्का उभीच होती, आम्ही परत येईपर्यंत ती काही बसली नाही.

काठाला लागल्यावर मी तेच सांगितलं. होडी ते उत्तम चालवतात, पण तपासणी एकट्यावर सोडू नये. अक्काने डबे उघडता उघडता ऐकून घेतलं. पोळीवर तूप घातलं, ताट अण्णांपुढे सरकवलं आणि म्हणाली, इंदिरानगरच्या गृहस्थांना येऊ नका म्हणून कळवा. बाटल्यांचं वजन आजपासून मी करणार, आणि वजन झाल्याशिवाय यांना डबा मिळणार नाही. अण्णांनी मान हलवायचा प्रयत्न केला, पण जाकिटामुळे ती हलली नाही. मग तोंडाने हो म्हणाले.

परतीला मागडी रस्त्यावर गर्दीत अडकलो. अण्णा पुढच्या सीटवर बसले होते, फुगलेलं जाकीट अजून अंगात. त्यावरून सीटबेल्ट काही लागेना, मंजुनाथने खूप खटपट करून तो लावला. सिग्नलला शेजारच्या बसमधले लोक खिडकीशी येऊन पाहू लागले. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा आणि मध्ये गळ्याभोवती पिवळा फुगा घातलेले म्हातारे गृहस्थ. अक्का ओशाळली. पाणी तासभर मागे राहिलं, आता हवा काढून टाका, असं तिने मागून सांगितलं.

अण्णांना मागे वळता येत नव्हतं. समोरच्या काचेकडे पाहतच ते म्हणाले, ‘तुझा श्वास आहे यात, सुमन. सोडून कसा देऊ?’

अक्काने पुढे हात करून त्यांच्या खांद्यावरचा पट्टा सरळ केला, आणि बसवनगुडी येईपर्यंत तो हात तिथेच राहू दिला.